उघडलेला ध्वनिक्षेपक : ‘अ फेस इन द क्राउड’ ह्या चित्रपटाच्या शेवटाविषयी

इलिया कझान ह्यांनी दिग्दर्शित केलेला आणि बड शुलबर्ग ह्यांनी लिहिलेला ‘अ फेस इन द क्राउड’ हा अमेरिकन चित्रपट १९५७ साली प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला म्हणण्यासारखे यश लाभले नाही. ह्याच दोघांच्या ‘ऑन द वॉटरफ्रंट’ला १९५४ साली जो मान मिळाला होता, त्याच्या छायेत हा पुढचा चित्रपट झाकोळून गेला. पुढे २००८ साली त्याचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत झाला, आणि २०१६च्या अध्यक्षीय निवडणुकीपासून तर त्याचे नाव राजकीय लेखनात वारंवार घेतले जाऊ लागले. ‘भविष्य जाणणारा चित्रपट’ हे बिरुद आता त्याला कायमचे चिकटले आहे.

भविष्य खरे ठरले म्हणून एखाद्या कलाकृतीची थोरवी गाणे ही काही तिची समीक्षा नव्हे. तथापि एकदा हे माप लावावयाचे ठरविले, की ते अखेरपर्यंत लावावयास हवे. तसे ते लावून पाहता असे आढळते की, नायकाचा उदय चित्रपटाने आश्चर्य वाटावे इतक्या अचूकपणे ओळखला. त्याचा अधःपात मात्र चुकीचा कल्पिला. ही चूक कथानकाच्या सोयीपुरती असती, तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु माणसाचा ‘खरा आवाज’ कोणता, आणि तो ऐकू आल्यावर ऐकणारे काय करतात, ह्यासंबंधीच्या एका समजुतीत तिचे मूळ आहे. ती समजूत भाषेविषयीची आहे, आणि ती केवळ कझान-शुलबर्ग ह्यांचीच होती असेही नाही.

कथानक थोडक्यात असे : आर्कान्सा राज्यातील एका लहान गावी मार्शिया जेफ्रीज (पॅट्रिशिया नील) ही तरुणी आपल्या काकांच्या नभोवाणी केंद्रासाठी सामान्य माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित करीत हिंडते. गावच्या तुरुंगात तिला लॅरी ऱ्होड्स (अँडी ग्रिफिथ) हा भटक्या, दारूबाज, गिटार वाजवून गाणारा इसम भेटतो. ती त्याला ‘लोनसम’ हे नाव देते आणि ध्वनिक्षेपकासमोर बसविते. तेथून तो मेम्फिसच्या दूरचित्रवाणीवर जातो, मेम्फिसहून न्यू यॉर्कला. तेथे ‘व्हिटाजेक्स’ नावाच्या शक्तिवर्धक गोळ्यांची जाहिरात करता करता तो राष्ट्रभर पूजिला जातो आणि अखेरीस सिनेटर फुलर ह्या अध्यक्षपदेच्छू गृहस्थाचा वाणीगुरू बनतो. शेवटी एका रात्री, कार्यक्रम संपून नामावली पडद्यावर सरकत असताना आणि ध्वनी बंद आहे अशा समजुतीने ऱ्होड्स हसतमुखाने आपल्या प्रेक्षकांची यथेच्छ निंदा करीत असताना, मार्शिया नियंत्रणकक्षात शिरून ध्वनीच्या कळा चालू करते. देशभर ती निंदा ऐकू जाते. ऱ्होड्स उद्वाहकाने खाली येतो तोपर्यंत त्याचे साम्राज्य कोसळलेले असते. मजल्यांचे उतरते आकडे आणि उतरती लोकप्रियता ह्यांची जोड दिग्दर्शकाने ठसठशीतपणे घातली आहे. थोडी अधिकच ठसठशीतपणे.

चित्रपटाचा पूर्वार्ध हा त्याचा सर्वोत्कृष्ट भाग होय, आणि भाषेच्या अभ्यासकाला तर तो पाठ्यपुस्तकासारखा उपयोगी पडावा. ऱ्होड्सच्या बोलण्यात सांगण्यासारखे असे फारच थोडे असते. आजी-आजोबांच्या गोष्टी, गावातल्या चालीरीती, घरकामाने शिणलेल्या बायकांविषयीचे दोन कनवाळू शब्द, मध्येच मोठ्याने हसणे. परंतु तो बोलतो तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येक बाईला तो आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी येऊन उभा राहिला आहे असे वाटते. मॅलिनोव्स्की ह्यांनी १९२३ साली ज्याला केवळ संबंध जोडणारे बोलणे म्हटले, आणि ज्याला रोमन याकबसन ह्यांनी पुढे भाषेच्या सहा कार्यांपैकी एक मानले, त्या प्रकारचे हे बोलणे आहे. पारावर बसलेल्या माणसांत ते बोलणे दोन्ही बाजूंनी चालते. येथे मात्र एकच बाजू बोलत असते, आणि तरीही दुसऱ्या बाजूला आपण उत्तर देत आहोत असा भास होतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल ह्या दोघा समाजशास्त्रज्ञांनी दुरून निर्माण होणाऱ्या ह्या जवळिकीचे विवेचन एका निबंधात केले, ते साल १९५६ होय. चित्रपटाच्या आधी अवघे एक वर्ष.

ही कला ऱ्होड्सने आकाशातून आणलेली नाही. तिचा इतिहास अमेरिकन नभोवाणीत स्पष्ट सापडतो. आर्थर गॉडफ्री हा १९४० व १९५० च्या दशकांतील अत्यंत लोकप्रिय निवेदक १९३१ साली मोटार-अपघातानंतर रुग्णालयात खिळून पडला असताना सतत नभोवाणी ऐकत असे. निवेदक मंडळी एखाद्या विशाल सभागृहाला उद्देशून बोलावे तशी बोलतात, ऐकणारा मात्र आपल्या खोलीत एकटा असतो, ही विसंगती त्याच्या ध्यानात आली. बरा होऊन परतल्यावर त्याने ठरविले, की बोलावयाचे ते एकाच माणसाशी. पुढे तो आपल्या प्रायोजकांची टिंगल करू लागला. लिहून दिलेली जाहिरात बाजूला ठेवून चहाच्या पुड्यांविषयी थट्टेने बोलू लागला, आणि त्यामुळे चहा अधिकच खपू लागला. ऱ्होड्स मेम्फिसमध्ये आपल्या गादीवाल्या प्रायोजकाची जी खिल्ली उडवितो, तिचा उगम येथे आहे. प्रायोजक त्याला काढून टाकतो, तेव्हा चाहते त्या गाद्या भर रस्त्यात जाळतात; आणि गाद्यांचा खप वाढतो.

तत्पूर्वीच राजकारणानेही हा धडा गिरविला होता. १२ मार्च १९३३ रोजी, देशातील सर्व बँका बंद असताना, फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांनी ‘मित्रहो’ असे संबोधून बँकेत ठेवलेल्या पैशाचे काय होते, हे साध्या शब्दांत नभोवाणीवरून समजावून सांगितले. ‘शेकोटीजवळच्या गप्पा’ हे नाव ह्या भाषणांना पडले ते थोडे नंतर, आणि ते देणारा अधिकारी नभोवाणी-संस्थेतला होता. ही गोष्ट बोलकी आहे : ज्यांचा धंदाच आवाजाचा, त्यांनी त्या भाषणांतले नावीन्य बरोबर हेरले.

येथे मराठी वाचकाच्या लक्षात सहज येईल अशी एक व्याकरणिक बाब आहे. इंग्रजी ‘यू’ हे सर्वनाम एकाला आणि अनेकांना, वडीलधाऱ्याला आणि बरोबरीच्याला सारखेच लागते. त्यामुळे लाखो माणसांशी बोलताना एकाशीच बोलल्याचा आभास निर्माण करावयास बोलणाऱ्याला व्याकरणाचा अडसर येत नाही. हेच बोलणे मराठीत आणावयाचे झाल्यास भाषांतरकाराला ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांतून एक निवडावे लागेल. ‘तू’ म्हणावे तर सलगी अनावर होते. ‘आपण’ म्हणावे तर सभा भरते. ‘तुम्ही’ हे एकाला आदरार्थी आणि अनेकांना साधे असल्याने तेच अखेरीस पदरी पडते, परंतु त्यातही आदराचे अंतर उरतेच. ऱ्होड्सच्या यशाचा निम्मा भाग सर्वनामात आहे असे कोणी म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. पण चित्रपट पाहताना त्याचे ‘यू’ मोजण्याचा उद्योग एखाद्या विद्यार्थ्याने अवश्य करून पाहावा.

दुसरी बाब बोलीची. उत्तर अमेरिकेत दक्षिणेकडील ग्रामीण उच्चार हा शिकलेल्या वर्गात अडाणीपणाचे लक्षण समजला जातो, आणि नेमक्या त्याच कारणाने तो प्रामाणिकपणाचेही लक्षण ठरू शकतो. समाजाच्या उघड मूल्यव्यवस्थेत खालचे स्थान असलेल्या बोलीला तिच्या बोलणाऱ्यांत एक प्रच्छन्न प्रतिष्ठा असते, हे लबॉव्ह आणि त्यांच्यानंतर ट्रड्गिल ह्यांनी १९६० व १९७० च्या दशकांत दाखवून दिले. स्वतः ग्रिफिथ उत्तर कॅरोलायनातील माउंट एअरीचा. फुटबॉलचा सामना प्रथमच पाहणाऱ्या एका भाबड्या खेडुताचे त्याने केलेले विनोदी स्वगत १९५३ साली ध्वनिमुद्रिकेवर अतोनात गाजले होते. म्हणजे ऱ्होड्सची बोली नटाने कमावलेली नव्हती, घरून आणलेली होती; केवळ तिचा उपयोग नवा होता.

चित्रपटाचा मोठेपणा हा, की ह्या भाषेला तो आरंभापासूनच खोटी ठरवीत नाही. मेम्फिसला ऱ्होड्स एका कृष्णवर्णी स्त्रीला कॅमेऱ्यासमोर उभी करतो, तिचे घर जळाल्याचे सांगतो आणि लोकांनी थोडे थोडे पैसे पाठवावेत असे आवाहन करतो. त्या काळच्या टेनेसीत ही साधी गोष्ट नव्हती. गावात नगराध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या शेरिफाची लायकी तपासण्यासाठी तो श्रोत्यांना आपापली कुत्री त्याच्या दारी नेऊन सोडावयास सांगतो, आणि आवार कुत्र्यांनी भरून जाते. प्रेक्षक हसतो; शेरिफ त्याला आवडलेला नसतोच. पण त्याच क्षणी ऱ्होड्सला आपल्या आवाजाने काय होऊ शकते ह्याचा शोध लागलेला असतो. खरे बोलणे कोठे संपले आणि खऱ्याचे प्रात्यक्षिक कोठे सुरू झाले, हे बोट ठेवून दाखविता येत नाही. पूर्वार्धातील हा संदिग्धपणा दिग्दर्शकाने टिकवून धरला असता, तर चित्रपट कितीतरी मोठा झाला असता.

न्यू यॉर्कच्या भागात तो संदिग्धपणा सुटतो. तेथे ऱ्होड्स लबाड आहे हे ठरून जाते, आणि त्याच्याभोवती जाहिरातदार, सेनापती, सिनेटर अशी व्यंगचित्रे जमतात. जनतेला वरच्या थरातील मोजक्या लोकांनीच वळण लावावयाचे असते, असा सिद्धांत एका पात्राच्या तोंडून ऐकविला जातो. सिनेटर फुलरला ऱ्होड्स शिकवितो ते मात्र ऐकण्यासारखे आहे : अंग सैल सोडा, एखादे लाडके नाव घ्या, मुद्दे सांगू नका, भेटल्यासारखे वाटू द्या. हे काल्पनिक म्हणावे, तर १९५२च्या निवडणुकीत रॉसर रीव्ह्ज ह्या जाहिरातकाराने आयझेनहॉवर ह्यांच्यासाठी केलेल्या लहान लहान चित्रफिती आठवाव्या लागतात. त्यांत सामान्य नागरिक प्रश्न विचारतात आणि सेनानी उत्तरे देतात. वस्तुतः उत्तरे आधीच चित्रित झाली होती, आणि प्रश्न विचारणारे नागरिक मागाहून गाठून आणले होते. जे संभाषण कधी झालेच नाही, ते देशाने पाहिले. चित्रपटातील अतिशयोक्ती ह्या वास्तवापुढे मवाळच वाटते.

आता शेवट. त्यामागील तर्क असा आहे की, माणसाला दोन आवाज असतात, एक रंगमंचावरचा व एक पडद्यामागचा. पडद्यामागचा तो खरा. आणि तो एकदा का लोकांच्या कानी पडला की रंगमंचावरच्या आवाजाची जादू नाहीशी होते. एर्विंग गॉफमन ह्यांनी १९५६ साली दर्शनी भाग आणि मागील भाग अशी जी परिभाषा रूढ केली, तिच्याशी हे वरवर जुळते. (गॉफमन मात्र मागल्या भागातील वर्तन हेच ‘खरे’ असे कोठेही म्हणत नाहीत, तेथेही माणूस दुसऱ्या एका मंडळीसमोर वावरतच असतो. स्टुडिओतील सहकाऱ्यांपुढे प्रेक्षकांना शिव्या देणारा ऱ्होड्स त्या सहकाऱ्यांसाठी फुशारकीचा एक प्रयोगच करीत असतो, हे चित्रपटाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.)

ही समजूत लोकमानसात खोल रुजलेली होती. ‘अंकल डॉन’ ह्या मुलांच्या लाडक्या निवेदकाने एकदा कार्यक्रम संपला असे समजून मुलांविषयी अपशब्द काढला आणि त्याची कारकीर्द संपली, अशी कथा अमेरिकेत कित्येक वर्षे सांगितली जात असे. ती निव्वळ दंतकथा आहे. परंतु दंतकथा टिकतात त्या त्यांत कोणाची तरी इच्छा पुरी होते म्हणून. शिवाय कझान आणि शुलबर्ग ह्यांच्यासमोर ताजी उदाहरणे होती. ऑक्टोबर १९५३ मध्ये गॉडफ्रीने ज्युलियस ला रोझा ह्या तरुण गायकाला चालू कार्यक्रमातच नोकरीवरून काढले आणि नंतर त्याच्यात विनय नसल्याचे कारण दिले. त्या प्रसंगापासून गॉडफ्रीच्या आपुलकीविषयी लोक साशंक झाले ते झालेच. १९५४च्या वसंतात सिनेटर जोसेफ मॅकार्थी ह्यांची गुरगुर सैन्यविषयक चौकशीच्या प्रक्षेपणात घराघरांत दिसली आणि त्याच वर्षी डिसेंबरात सिनेटने त्यांचा निषेध केला. जे यंत्र फसविते तेच उघडे पाडते, अशी उदारमतवादी अमेरिकनांची तेव्हा श्रद्धा होती. स्वतः शुलबर्ग ह्यांनी १९५१ साली आणि कझान ह्यांनी १९५२ साली अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे आपल्या जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली होती, हे लक्षात घेतले म्हणजे उघड बोलण्याने होणाऱ्या शुद्धीवर त्यांचा एवढा भर का, हा प्रश्न मनात येतोच. चित्रपटातून त्याचे उत्तर काढणे धाडसाचे होईल.

पुढील काळाने ह्या तर्काची परीक्षा अनेकदा घेतली. एप्रिल १९७४ अखेर निक्सन ह्यांच्या खाजगी संभाषणांच्या लेखी प्रती प्रसिद्ध झाल्या. त्यांत जागोजाग ‘अपशब्द वगळला’ अशी नोंद होती, आणि त्या गाळलेल्या जागांनीच पुष्कळ श्रद्धाळू मतदारांना धक्का बसला. ऑगस्टमध्ये निक्सन ह्यांना पद सोडावे लागले. अर्थात निर्णायक ठरला तो गुन्ह्याचा पुरावा, शिव्या नव्हेत. ११ ऑगस्ट १९८४ रोजी साप्ताहिक भाषणापूर्वी आवाजाची चाचणी देताना रेगन ह्यांनी रशियावर पाच मिनिटांत बॉम्बवर्षाव सुरू होत असल्याची थट्टा केली. ती बाहेर फुटली, जगभर गहजब झाला, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकली. २०१२ साली मिट रॉम्नी ह्यांनी खाजगी निधिसंकलनाच्या भोजनात सत्तेचाळीस टक्के मतदारांविषयी काढलेले उद्गार चोरून टिपले गेले. ते प्रसिद्ध झाले आणि रॉम्नी पराभूत झाले.

ह्या तीन उदाहरणांत एक संगती शोधता येते. निक्सन ह्यांची जाहीर भाषा औपचारिक, वकिली वळणाची होती. खाजगी भाषा तिच्यापासून फार दूर होती. रॉम्नी ह्यांचे अंतरही मोठे होते : व्यासपीठावर सर्वांचे अध्यक्ष होऊ पाहणारा माणूस भोजनाच्या टेबलावर निम्म्या देशाला वजा करीत होता. रेगन हे मात्र पूर्वाश्रमीचे निवेदक व नट. व्यासपीठावरही ते थट्टेखोरच असत. चाचणीतील थट्टा त्याच आवाजाची होती. तेव्हा नुकसान होते ते पडद्यामागचा आवाज वाईट असल्याने होतेच असे नाही. दोन आवाजांतील अंतराने ते होते. जोशुआ मेयरोविट्झ ह्यांनी १९८५ साली ‘नो सेन्स ऑफ प्लेस’ ह्या ग्रंथात सांगितले होते की, दूरचित्रवाणीमुळे रंगमंच व पडद्यामागचा भाग ह्यांमध्ये एक तिसरा, मधला भाग निर्माण होतो आणि पुढाऱ्यांना त्यात वावरावे लागते. पण जो पुढारी मध्यावर न थांबता मागचाच भाग पुढे आणून मांडील, त्याचे काय, ह्याचे उत्तर मिळावयास आणखी तीस वर्षे जावी लागली.

डोनल्ड ट्रम्प हे २००४ पासून एनबीसीच्या ‘द अप्रेंटिस’ ह्या कार्यक्रमातून घरोघर पोहोचलेले होते. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. २००५ साली एका बसमध्ये, अंगावरील ध्वनिक्षेपक चालू असताना, स्त्रियांशी आपण कसे वागतो ह्याविषयी त्यांनी केलेली बढाई तीत नोंदली गेली होती. चित्रपटातील प्रसंग जणू जसाच्या तसा घडला; उद्वाहक मात्र खाली आला नाही. एक महिन्यानंतर एकूण मतांत सुमारे एकोणतीस लाखांनी मागे राहूनही निर्वाचक-मंडळाच्या बहुमताने ते अध्यक्ष झाले, आणि २०२० मध्ये पराभूत होऊन २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. निवडणुकीचे निकाल भाषेने लागत नाहीत. पक्षनिष्ठा, आर्थिक स्थिती, प्रतिस्पर्ध्याविषयीची नावड, निर्वाचक-मंडळाची रचना ह्या सर्वांचा त्यांत वाटा असतो. भाषाशास्त्राने येथे आपली पायरी ओळखून असावे. पण उघडलेल्या ध्वनिक्षेपकाने अपेक्षित परिणाम का झाला नाही, एवढ्या मर्यादित प्रश्नावर त्याला काही सांगता येते. ज्याचे जाहीर बोलणेच अर्धवट वाक्यांचे, टोमण्यांचे, पंगतीत बसून बोलल्यासारखे होते, त्याच्या खाजगी बोलण्यातून त्याच्या अनुयायांना दुसरा माणूस सापडला नाही.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे विशेषतः भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावयास हवे, ती त्या प्रसंगीच्या खुलाशात आहे. ही केवळ ‘कपडे बदलण्याच्या खोलीतली’ बोलणी होती, असे सांगण्यात आले. चित्रफितीतील विधान कृत्याविषयी होते : स्त्रीच्या संमतीवाचून तिच्या अंगाला हात लावण्याविषयी. खुलाशाने ते कृत्यावरून उचलले आणि भाषाप्रकाराच्या खात्यात टाकले. पुरुष एकमेकांत असेच बोलतात. म्हणजे ते ‘म्हणणे’ नव्हे, बोलण्याची एक तऱ्हा आहे. स्थळ, काळ, श्रोता ह्यांप्रमाणे भाषा बदलते हे आमच्या शास्त्राचे एक पायाभूत तत्त्व. ते वर्गात शिकविताना आपण त्यातून बोलणाऱ्याची सुटका होण्याची सोय करून ठेवीत आहोत, हे फारसे कोणाच्या मनात येत नाही. येथे ते तत्त्व साक्षीदार म्हणून उभे केले गेले, आणि त्याची उलटतपासणी नीटशी झाली नाही. भाषाप्रकार ओळखल्याने विधानाची सत्यासत्यता लुप्त होत नाही. तुरुंगात बोललेले, पंगतीत बोललेले, बसमध्ये बोललेले वाक्यही कशाविषयी तरी असते.

कझान-शुलबर्ग ह्यांच्या हातून हे निसटले, ह्याचे कारण त्यांनी ऱ्होड्सला कान देऊन ऐकले, पण त्याच्या श्रोत्यांना ऐकले नाही. चित्रपटात श्रोते दिसतात ते झुंडीने : गाद्या जाळणारे, बॅटन फिरविणाऱ्या मुलींच्या रांगा पाहून वेडावणारे, आणि शेवटी एका क्षणात संतापून दूरध्वनी खणखणविणारे. ते जितक्या सहजपणे भाळतात तितक्याच सहजपणे विटतात. ऱ्होड्स त्यांना मूर्ख समजतो. चित्रपट त्याबद्दल ऱ्होड्सला शिक्षा देतो, आणि त्यांच्याविषयी जवळपास तेच मत स्वतः बाळगतो. मेल मिलर (वॉल्टर मॅथाऊ) हा विद्यापीठात शिकलेला लेखक ऱ्होड्सवर एक पुस्तक लिहीत असतो. त्याच्या चष्म्यातूनच बहुधा ही झुंड पाहिली गेली आहे.

ह्याच्या शेजारी रॉबर्ट मर्टन ह्यांचे ‘मास पर्स्वेजन’ हे १९४६ सालचे पुस्तक ठेवून पाहावे. २१ सप्टेंबर १९४३ रोजी गायिका केट स्मिथ हिने युद्धकर्जाच्या रोख्यांसाठी दिवसभर, रात्री उशिरापर्यंत, पुन्हा पुन्हा नभोवाणीवरून आवाहन केले आणि कोट्यवधी डॉलरांचे रोखे विकले गेले. मर्टन आणि त्यांचे सहकारी ऐकणाऱ्यांकडे गेले आणि त्यांना विचारले. त्यांना जे आढळले ते झुंडीच्या सिद्धांताला छेद देणारे होते. आपल्याला रोज कोणी ना कोणी काही विकू पाहत आहे, गोड बोलून हेतू साधत आहे, ह्याची त्या माणसांना पुरी जाणीव होती. म्हणूनच एखादा तरी निखळ आवाज त्यांना हवा होता, आणि तो केटच्या आवाजात आहे असे त्यांना वाटले. आपुलकीच्या आवाजाची भूक भोळेपणातून आलेली नव्हती. ती अविश्वासातून आली होती.

हे मान्य केले की चित्रपटाचा शेवट उलटा फिरतो. जो श्रोता प्रत्येक घासूनपुसून केलेल्या वाक्यामागे जाहिरातदार पाहतो, त्याला उघडलेल्या ध्वनिक्षेपकातून आलेला ओबडधोबड आवाज निदान कोणी लिहून दिलेला नाही एवढे तरी पटते. त्यात त्याचा अपमान असला, तरी तो अपमान आपला नसून शेजाऱ्याचा आहे, अशी समजूत करून घेण्याची सोय एकवचनी ‘यू’ने केलेलीच असते. ऱ्होड्स कित्येक वर्षे ‘तुझ्याशी’ बोलत आला. तो आज ‘त्यांना’ मूर्ख म्हणाला. आपण त्या ‘त्यां’त मोडतो, असे किती जण मानतील? २०२४च्या प्रचारात उमेदवारांनी वृत्तवाहिन्यांच्या मुलाखतींबरोबरच लांबलचक ध्वनिमालिकांत बैठका मारल्या. जो रोगन ह्यांच्या कार्यक्रमात ट्रम्प सुमारे तीन तास बोलत बसले. तेथे प्रस्तावना नाही, घड्याळ नाही, आणि उघडण्यासारखा दुसरा ध्वनिक्षेपकही नाही.

शेवटासंबंधी हे सर्व म्हटल्यावर एक गोष्ट चित्रपटाच्या बाजूने नमूद करणे न्यायाचे आहे. ऱ्होड्स आपल्या उंच घरात मेजवानी मांडून बसतो, पाहुणे कोणी येत नाहीत, आणि टाळ्या वाजविणाऱ्या यंत्राच्या साथीने तो भाषण करू पाहतो. तेथे येऊन मेल त्याला त्याचे पुढचे भविष्य सांगतो : तू संपणार नाहीस, थोडा काळ जाऊ दिला की तुला पुन्हा एखादा कार्यक्रम मिळेल, मात्र पूर्वीची उंची राहणार नाही. उद्वाहकाच्या दृश्याने जे ठणकावून सांगितले, ते हा संवाद जवळजवळ मागे घेतो. लेखकाला दिग्दर्शकापेक्षा थोडे अधिक दिसले होते, किंवा दोघांनाही दिसले होते आणि नाट्याच्या मोहात ते दाबले गेले. बहुतेक समीक्षकांनी ह्या संवादाची दखल घेतलेली नाही. १९६० साली ग्रिफिथ त्याच उच्चारांनिशी एका लहान गावच्या प्रेमळ शेरिफाच्या भूमिकेत दूरचित्रवाणीवर आला आणि आठ वर्षे अमेरिकेने त्याला आपल्या घरचा मानला. तीन वर्षांपूर्वी हाच आवाज काय करू शकतो हे पाहिलेल्या थोड्या प्रेक्षकांनाही त्यात काही वावगे वाटल्याचे दिसत नाही.

अखेरच्या दृश्यात ऱ्होड्स खिडकीतून मार्शियाचे नाव घेऊन ओरडत राहतो. समोर कोका-कोलाची जाहिरात लुकलुकत असते, आणि खाली मार्शिया व मेल निघून जातात. तुरुंगातील पहिल्या भेटीत मार्शियाने त्याच्यासमोर ध्वनिक्षेपक धरला होता. त्यानंतर प्रथमच तो यंत्रावाचून, एका माणसाला, तिच्या नावाने हाक मारीत असतो.